बारमाही सोवळी

प्रश्न १. गेल्या पंधरा दिवसांत कशातच मन रमत नाही, असं वाटलं का?
[✓] कधीच नाही  [ ] काही दिवस  [ ] बरेच दिवस  [ ] जवळजवळ रोज

ही खूण वृषालीनं केलेली नाही.

मंचरच्या दवाखान्यात समुपदेशक अंजनाताईंनी प्रश्न वाचला, वृषालीनं तोंड उघडलं, आणि शेजारच्या खुर्चीतून तिचा नवरा सुदर्शन म्हणाला, "न्हाई, तसलं काय न्हाई मॅडम. घरी टीव्ही हाय, वायफाय हाय. मन न रमायला काय झालं?"

अंजनाताईंनी वृषालीकडे पाहिलं. वृषालीनं पेनाकडे पाहिलं. खूण झाली.

प्रश्न २, ३, ४, ५.
[✓] [✓] [✓] [✓]

पाचव्याला सुदर्शनचा फोन वाजला. नारायणगावच्या बाजारात त्याचा टोमॅटोचा पिकअप खोळंबला होता. फोन कानाला लावूनच त्यानं हातानं 'न्हाई' केलं. दहा प्रश्न दोन मिनिटांत उरकले. शेवटी अंजनाताईंनी विचारलं, "आणखी काही सांगायचंय?" इथं मात्र तो मोकळेपणानं बोलला.

"चिडचिड लई करती मॅडम. तेवढं एक सोडलं तर गुणाची हाय."

चिडचिडीसाठी फॉर्मात चौकट नव्हती. अंजनाताईंनी समासात लिहिलं: 'चिडचिड (पतीच्या म्हणण्यानुसार)'. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "पुढच्या खेपेला एकट्या या."

सुदर्शन औषधं आणायला गेला तेव्हा वृषालीनं टेबलावरच्या गठ्ठ्यातला एक कोरा फॉर्म उचलला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं.

आत डॉक्टरबाईंनी सगळं समजावलं होतं. पीसीओएस. हनुवटीवरचे केस त्याचेच, मानेवरचा काळा पट्टा त्याचाच, अर्धं खाऊनही वाढणारं वजन त्याचंच, आणि सात महिने न आलेली पाळीही. "पाळी येत नाही म्हणजे सुटका झाली असं नाही. आतलं अस्तर साचत राहतं. ते वेळच्या वेळी बाहेर पडायला हवं. ह्या गोळ्या दहा दिवस घ्यायच्या. अकराव्या दिवशी बंद. बंद केल्या की आठवड्याच्या आत पाळी येईल. आणि ह्या वेळी पुढं ढकलायची नाही. मागच्या वर्षीचा रिपोर्ट पाहिलाय मी. ऐकताय ना?"

"ऐकतोय की," सुदर्शन म्हणाला.

*

आता राग कुठून आला ते सांगायला हवं. घरात सगळ्यांची अशी समजूत होती की तो गोळ्यांच्या पाकिटातून आला.

शिनोलीच्या पुढं भीमाशंकर रस्ता सोडून आत गेलं की वाडी लागते. तिथं चांगदेवांचं घर. भावकीची पाच घरं, पण देवीचा घट एकच, आणि तो चांगदेवांच्या देवघरात. घरात बाया तीन. चांगदेवांची बायको लंकाबाई, तिचे गुडघे गेलेले. थोरली सून वृषाली, आण्याच्या पठारावरून सहा वर्षांपूर्वी आलेली. आणि धाकटी सून संस्कृती, गेल्या वर्षी आलेली.

ह्या घरात बाई चार दिवस 'बाहेर' बसते. ओसरीच्या कोपऱ्यात पोतं, वेगळं ताट, वेगळा तांब्या. चुलीला शिवायचं नाही, देवाला नाही, लोणच्याच्या बरणीला नाही. संस्कृती महिन्याच्या महिन्याला बसते. पोत्यावर मोबाईल बघते, शेंगा फोडते, दुपारी झोपते. भावकीतल्या सगळ्या बसतात. कुणाच्या घरी सत्यनारायण असो की वास्तुशांत, बाया आधी कॅलेंडरवर बोटं मोजतात.

वृषालीला मोजावं लागत नव्हतं.

पहिल्यांदा तिची पाळी दोन महिने चुकली तेव्हा लंकाबाईनं नारळ फोडला होता. घोडेगावहून तपासणीची पट्टी आणली, एकच रेघ आली. पुढं तीन महिने चुकली. परत पट्टी, परत एक रेघ. तिसऱ्यांदा लंकाबाईनं पट्टी चुलीत टाकली आणि महिनाभर सुनेशी बोलली नाही. पण मग चुलतसासरे बहिरू यांच्या वास्तुशांतीला नेमक्या त्यांच्या दोन्ही सुना बाहेर बसल्या. नैवेद्य करणार कोण? लंकाबाई म्हणाली, "आमची वृषाली हाय की. तिला काय अडचण?"

झालं. त्या दिवसापासून रोगाला कामधंदा मिळाला.

"लंकाबाई, तुमच्या वृषालीला धाडा." गोंधळाच्या स्वयंपाकाला वृषाली. बारशाच्या घुगऱ्यांना वृषाली. ह्या भादव्यात वाडीतल्या सात घरच्या म्हाळाला तिनं भाजीची पातेली उतरवली. सात घरच्या मेलेल्या माणसांना तिनं जेवू घातलं, आणि तिच्या हाताला चव आहे असं एकाही जित्या माणसानं म्हटलं नाही. म्हणाले ते एवढंच: "हिचं बरं हाय. कवाबी सोवळीच."

लंकाबाई चारचौघींत कौतुकानं सांगायची, "आमची सून बारमाही हाय."

आण्याच्या पठारावर माघातच विहिरी तळाला जातात. तिथं 'बारमाही' शब्द फक्त पाण्याला लावतात, आणि लावताना आवाज खाली येतो. वृषालीनं तो शब्द लहानपणापासून देवाच्या नावासारखा ऐकला होता. इथं तो तिच्या न येणाऱ्या रक्ताला लावला होता.

आणि ओटी? ती गंमत ऐका. डोहाळजेवणाचा सगळा स्वयंपाक वृषालीचा. पण ओटी भरायची वेळ आली की कुणीतरी हळूच म्हणायचं, "लेकुरवाळी असंल तिनं पुढं या." मग वृषाली परत चुलीपाशी. देवाला चालणारी, पोटुशीला न चालणारी. एकाच अंगाचे दोन हिशोब, आणि दोन्ही वेळा फायदा दुसऱ्याचा.

प्रश्न ४. थकवा येतो का? अंगात त्राण नाही असं वाटतं का?

(पुढच्या घरी जायचंय. नंतर.)

*

भादव्याच्या अमावास्येला दहावी गोळी झाली. उद्या घटस्थापना.

वृषालीनं रिकामं पाकीट चुलीत टाकलं तेव्हा लंकाबाई पाटावर बसून नऊ माळांसाठी दोरा ओवत होती. ती थांबली. बोटं मोजली. एकदा मोजली, परत मोजली.

"म्हंजी पाचव्या माळेला येणार."

"चौथ्या नायतर पाचव्या," वृषाली म्हणाली. "ह्या वर्षी घटाला संस्कृती बसू द्या, आत्या."

"संस्कृतीची तारीख सातव्या माळेची हाय. तिला बी गोळी देऊ? नवी पोर, अजून पाळणा हलायचाय. तिच्या अंगाशी खेळ नगं." लंकाबाईनं दोरा दातानं तोडला. "ही गोळी मला म्हाईत हाय. बाया जत्रंला खात्यात तीच ही. खात राहिलं तर येत न्हाई, सोडली की येती. मग नऊ दिवस खा की. सुदर्शनला आणायला सांगते."

"डॉक्टरबाई न्हाई म्हनल्यात."

"अगं, सात म्हैने आली न्हाई. तिला आणखी नऊ दिवस थांबाया काय झालं?"

हे वाक्य लंकाबाई रागानं बोलली नाही. तिला ते खरोखरच सरळ वाटत होतं. पाव्हणा सात महिने आला नाही, आणखी नऊ दिवसांनी आला म्हणून काय बिघडलं?

गेल्या वर्षीही असंच झालं होतं. आधी घटासाठी नऊ दिवस. मग दिवाळीचा पाडवा. मग धाकट्या दिराचं लग्न ठरलं, हळदीचा स्वयंपाक कोण करणार, म्हणून पुन्हा. पंचेचाळीस दिवस गोळी खाल्ली वृषालीनं. आणि लग्नाचा मांडव उतरल्यावर सोडली.

एकोणीस दिवस अंगावरून गेलं. गोठ्याशेजारच्या खोलीत, कारण ओसरीवर नव्या नवरीला बघायला पाव्हणे येत होते. अंगातलं रक्त सातावर आलं. उठलं की भिंत फिरायची. सुदर्शन दारातून विचारायचा, "संपलं का?" जसं पिकअपमधलं डिझेल विचारावं.

प्रश्न ९. आपण नसतो तर बरं झालं असतं, असे विचार मनात येतात का?

मंचरला ह्या प्रश्नाला सुदर्शन हसला होता. "काय मॅडम तुमी पण."

पंधराव्या दिवशी दुपारी वृषालीनं गोठ्याशेजारच्या खोलीची कडी आतून लावली होती. तिला काही करायचं नव्हतं, करायला अंगात बळच नव्हतं. एवढंच वाटत होतं की आता झोप लागावी आणि संध्याकाळी डोळे उघडू नयेत. तिच्याशिवाय वाडीत काय अडेल? म्हाळ अडतील. बास.

दार वाजलं. वीस दिवसांची नवरी संस्कृती, हातात हिरवा चुडा, चहाचा कप. "ताई, कडी का लावली?" तिनं दाराला कान लावला. "ताई, मी हितंच बसते. तुमी उघडंस्तोवर." आणि ती खरंच बसली. दोन तास, शेणाच्या वासात, नव्या साडीनिशी. चहावर साय धरली. शेवटी वृषालीनं कडी काढली ती केवळ त्या पोरीची साडी खराब होतेय म्हणून.

घरात कुणीच कुणाला काही सांगितलं नाही.

*

वृषालीला काय काय झालं होतं आणि घरात त्याची काय कारणं सापडली, ते असं:

तिनं बहिरूच्या बायकोला "म्हाळाला तुमची सून का न्हाई?" असं विचारलं. कारण: गोळ्या.

तिनं हनुवटीचे केस काढताना दार लावलं, लंकाबाई बाहेरून म्हणाली "दाढी झाली का गं?", तिनं चिमटा भिंतीवर मारला. कारण: गोळ्या.

ती रडली. गोळ्या. ती हसली नाही. गोळ्या. ती दुपारी तासभर पडून राहिली. कारण: आळस. (आळसाला गोळ्या लागत नाहीत.)

अमावास्येच्या संध्याकाळी ती सुदर्शनला म्हणाली, "मी गोळी घेणार न्हाई."

तो पिकअपचं चाक बघत होता. "नऊ दिवसांनी काय फरक पडतोय?"

"गेल्या वर्षी बी नऊच दिवस व्हते."

"आवाज हळू."

"का हळू? एकोणीस दिवस मी गोठ्यात पडले. तुमच्या आईच्या घटापायी. आता परत?"

सुदर्शन उठला, हात पुसले, आणि शहाण्या माणसासारखा तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "हे बघ, ह्यो राग तुझा न्हाई. हार्मोनचा हाय. डॉक्टरबाई म्हनल्या ना, चिडचिड व्हती म्हणून? मी मनावर घेत न्हाई."

तो समजूतदारपणे वागत होता. त्याच्या दोस्तांतला एकही एवढं समजून घेणारा नव्हता.

वृषालीला वाटलं, त्यानं एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. थोबाडीत मारणारा निदान मानतो की समोर कुणीतरी उभं आहे, आणि ते काहीतरी बोललं. ह्यानं तिच्या तोंडातून वाक्य काढून घेतलं, पुसलं, आणि दवाखान्याच्या फाईलला लावून टाकलं. सहा वर्षांत तिचं नाव, झोप, रक्त सगळं ह्या घरानं वापरलं होतं. एक राग तेवढा तिचा स्वतःचा होता. आज तोही गेला.

तिनं खांद्यावरचा हात उचलून बाजूला केला.

"घ्या मनावर," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली आणि घोडेगावला गोळ्या आणायला गेला.

*

पहिली माळ. बांबूच्या परडीत शेतातली काळी माती, त्यात सात धान्यं, मधोमध मडकं, त्यावर विड्याची पानं आणि नारळ. वृषाली घटाला बसली. पहाटे अंघोळ, ओलेत्यानं पाणी शिंपडणं, नंदादीपात तेल, वरून खुरासणीच्या पिवळ्या फुलांची माळ.

नवं पाकीट लंकाबाईनं हळदीकुंकवाच्या डब्यात ठेवलं होतं. तिचा सुनेवर भरवसा नव्हता. माळ बांधायच्या आधी ती वृषालीला उजवा हात पुढं करायला लावायची, तळव्यावर गोळी, वर पळीभर तीर्थ. "घे. समोर घे."

वृषालीनं घेतली. गालात धरली. माळ बांधायला घटावर वाकली, ओठांवरनं हात फिरवला, आणि परडीच्या कडेला, जिथं पाणी कमी पोचतं तिथं, बोटानं मातीत दाबली.

दुसरी माळ. गालात, बोटावर, मातीत.

तिसरी. धान्याला मोड आले. "यंदा उगवण जोरात हाय," चांगदेव सदऱ्याची बटणं लावत म्हणाले. ते घरात एवढंच बोलायचे. उगवणीबद्दल.

चौथी. पोटात मुरडा. उपासाचा साबुदाणा डॉक्टरबाईंनी वर्ज्य सांगितला होता, तोच रोज पानात. ओटीपोटात जडपण. वृषाली देवीपुढं बसली होती आणि तिनं उभ्या आयुष्यात मागितलं नसेल असं काहीतरी मागत होती. पोर नको, नवऱ्याला सुबुद्धी नको. ये. एवढं ये.

पाचवी माळ. पहाटे न्हाणीघरात तिनं पाहिलं, आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

आली होती.

तिला चार वर्षांत कशाचा एवढा आनंद झाला नव्हता. आणि दुसऱ्याच क्षणी त्या आनंदाचाही राग आला. लोकांना ह्याचा कंटाळा येतो, आणि मला सण वाटावा?

ती कोरडी साडी नेसून बाहेर आली. देवघराच्या उंबऱ्याबाहेर थांबली. लंकाबाई हळदीकुंकवाचा डबा उघडून बसली होती, चांगदेव घंटा पुसत होते, सुदर्शन चहा घेत होता, संस्कृती फुलं निवडत होती.

"मी बाहेर हाय," वृषाली म्हणाली.

चांगदेवांचा घंटा पुसणारा हात थांबला.

"काय म्हनली?" लंकाबाईनं विचारलं.

"मी बाहेर हाय. मला शिवू नका. चार दिवस."

लंकाबाईनं तिच्याकडे पाहिलं आणि मग डब्यातल्या पाकिटाकडे. चार खाचा रिकाम्या. "खोटं. गोळी मी सोताच्या हातानं देती रोज. येईलच कशी? कामाचा कट्टाळा आलाय तर तसं सांग. देवीच्या समोर खोटं बोलती?"

"आली हाय, आत्या."

"मग दाव."

संस्कृतीच्या हातातली फुलं खाली पडली. चांगदेव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. सुदर्शन म्हणाला, "आई, अगं..." मग त्यानं नेहमीचं काढलं: "वृषाली, तुझं डोकं आत्ता ठिकाणावर न्हाई. तू जरा पड. राग शांत झाला की..."

सात महिने पाळी आली नाही तेव्हा ह्या घरात कुणी पुरावा मागितला नव्हता. तेव्हा तिच्या शब्दावर अख्ख्या भावकीचे देव जेवले होते. आणि आज आली, तर दाव.

"दावते," वृषाली म्हणाली.

तिनं उंबरा ओलांडला. लंकाबाई किंचाळली. वृषाली घटापुढं बसली, आणि परडीच्या कडेची माती, पाच दिवसांची कोवळी पिवळी उगवण मुळासकट बाजूला करत, बोटांनी उकरू लागली. पहिल्या दिवसाची विरघळली होती, तिचा मातीत फक्त पांढरा माग उरला होता. तीन सापडल्या. एक मऊ, एक अर्धी, आणि कालची अख्खी. तिनं त्या पाटावर हळदीकुंकवाच्या डब्याशेजारी ओळीनं मांडल्या.

"ह्या बघा. ह्या घेतल्या न्हाईत म्हणून आली."

"बाटला!" लंकाबाईनं कपाळ बडवलं. "घट बाटला! पाच घरांचा घट! रांडे, काय केलंस!"

सुदर्शननं तोवर फोन काढला होता. देवळाशेजारी किराणा दुकान चालवणारा गुरव गेणभाऊ ह्याला लावला, आणि घाईत बोट लागून फोन स्पीकरवर पडला.

"गेणभाऊ, घोटाळा झाला. घटाला शिवाशिव झाली. बाई बाहेरची व्हती अन् मातीला हात लागला."

"कितवी माळ?" पलीकडून दुकानाचं शटर वाजलं.

"पाचवी."

"हां. मग गोमूत्र शिंपडा. दिव्यात तूप घाला, देवीची माफी मागा, अन् दुसरी बाई बसवा. चालतंय."

"चालतंय?"

"न चालायला काय? देवी बी बाईच हाय, तिला काय ठावं न्हाई व्हय? ठेवू का? गिऱ्हाईक आलंय."

"थांबा, गेणभाऊ," वृषाली फोनकडे वाकून म्हणाली. "हे गेल्या वर्षी बी चाललं असतं का?"

"कोण, वहिनी का? चालतंय की. कवाबी चालतं. का वो?"

फोन बंद झाला.

दोन मिनिटं. फॉर्म भरायला लागली तेवढीच. गोमूत्राचा चमचा आणि दुसरी बाई. पंचेचाळीस गोळ्या, एकोणीस दिवस, सातावर आलेलं रक्त, कडी लावलेली खोली, ह्या सगळ्यावरचा उतारा देवळाशेजारच्या किराणा दुकानात कायमचा होता. फक्त कुणी विचारलं नव्हतं. विचारायची गरजच पडली नव्हती. बारमाही विहीर असल्यावर पाऊस लांबला का, हे कोण विचारतं?

वृषाली उठली. लंकाबाईचा हात अजून कपाळावर होता, पण बडवत नव्हता.

"ऐकलं?" वृषाली म्हणाली. "कवाबी चालत व्हतं. मला नऊ दिवस थांबवायची गरज नव्हती, आत्या. एक बी दिवस नव्हती." मग सुदर्शनकडे वळली. "अन् ह्यो राग माझा हाय. गोळी मातीत हाय, बघा. पाच दिवसांत एक बी पोटात न्हाई. आता कुणाच्या नावावर लावताय?"

सुदर्शनला पाटावरच्या तीन गोळ्यांखेरीज बघण्यासारखं काही नव्हतं.

"माझं पोतं कुठं हाय?"

तेव्हा कळलं की तिचं पोतंच नव्हतं. प्रत्येक बाईचं वेगळं पोतं, वेगळं ताट, वेगळा तांब्या असतो. वृषालीचं पोतं तीन वर्षांमागं कांद्यावर घातलं होतं, ताट कुत्र्याला लागलं होतं. गेल्या वर्षीचे एकोणीस दिवस ती जुन्या ताडपत्रीवर होती.

संस्कृतीनं आपलं पोतं आणून ओसरीच्या कोपऱ्यात टाकलं. दोन हात लांबून, नियमानं. "माझं घ्या, ताई. सातव्या माळेला मला लागंल तर दोघी बसू."

*

घटाला लंकाबाई स्वतः बसली, गुडघ्यांखाली उशा घेऊन. वर्षानुवर्षं ह्या कामातून सुटलेली म्हातारी रोज पहाटे कण्हत उठली. ओसरीवर वृषाली झोपली. पहिल्या दिवशी सोळा तास. पोट दुखत होतं, पण हे दुखणं चालू होतं, वाहत होतं, त्याला शेवट होता.

सातव्या माळेला संस्कृती शेजारी आली. दोघी शेंगा फोडत बसल्या.

"ताई, त्या कडीबद्दल मी कुणाला सांगितलं न्हाई."

"सांगायला पाहिजे व्हतं," वृषाली म्हणाली. मग थोड्या वेळानं, "मीच सांगायला पाहिजे व्हतं."

आठव्या माळेला सवाष्णी जेवायला आल्या. अर्थात लेकुरवाळ्या. ओसरीवरून जाताना एकेकीनं पदर सावरला. "अगंबाई, वृषाली तू? बाहेर?" बहिरूच्या बायकोचं तोंड उघडंच राहिलं. घाटाखालचं पाणी वर चढावं तसं त्यांना झालं होतं.

आतून करपल्याचा वास आला. लंकाबाई उलथणं घेऊन दारात उभी राहिली. आवाज पडलेला. "पंचवीस माणसांना पुरणाला डाळ किती घालायची गं?"

वृषालीनं शेंग फोडली. दोन दाणे तोंडात टाकले.

"मी बाहेर हाय, आत्या. मला चुलीतलं विचारू नका."

संस्कृती पोत्यावर हसू दाबायला तोंडात पदर कोंबून वाकली. लंकाबाई उलथणं घेऊन आत वळली. तिला खूप काही बोलायचं होतं, पण नियम तिचाच होता.

त्या दुपारी वृषालीनं पर्समधून घडीचा कागद काढला.

नवव्या माळेला पहाटे ती डोक्यावरून न्हाली. लंकाबाई न्हाणीघराबाहेरच उभी होती. "न्हालीस? बरं झालं. चल, होमाचा निवद घालायचाय." जणू चार दिवसांत काही घडलंच नव्हतं.

"मी मंचरला चाललेय."

"आज? नवमीला?"

"अंजनाताई आज येत्यात. संस्कृतीनं फोन करून विचारलंय."

सुदर्शन पिकअप धूत होता. खंडेनवमीचा झेंडू बॉनेटवर बांधायचा होता. तो पाइप हातात धरून रस्त्यावर आला. "थांब, मी सोडतो. मी बी येतो आत."

"एष्टी हाय."

"मी नीट सांगीन ह्या वेळी. समदं सांगीन. गेल्या वर्षीचं बी." पाइपातलं पाणी त्याच्याच चपलेवर पडत होतं. मग हळूच, "राग गेला न्हाई व्हय अजून?"

वृषालीनं नीट विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं.

"न्हाई," ती म्हणाली. "लई दिवस जाणार न्हाई."

घोडेगावला एष्टी बदलली. मंचरला अंजनाताईंनी तिच्या मागं दाराकडे पाहिलं, कुणी आलं नाही ना ते, आणि समोरची खुर्ची पुढं सरकवली. वृषालीनं कागद टेबलावर ठेवला. शेंगांच्या टरफलांचे डाग, दहाही प्रश्नांना पेन्सिलीच्या खुणा, आणि मागची कोरी बाजू वरपासून खालपर्यंत भरलेली, कारण चौकटींत ते मावलं नव्हतं.

अंजनाताईंनी आधी पुढची बाजू वाचली. नवव्या प्रश्नापाशी थांबल्या. पेन खाली ठेवलं.

"हे आत्ताचं आहे, की मागच्या वर्षीचं?"

"मागच्या वर्षीचं. कधी कधी आत्ताचं बी."

"बरं झालं सांगितलंत. आज डॉक्टरबाईंना भेटल्याशिवाय आपण दोघी इथून उठायचं नाही." त्यांनी कागद उलटला आणि चष्मा पुसला. "हे मागचं मी वाचू, की तुम्ही सांगता?"

दोन मिनिटं संपली होती. अंजनाताईंनी घड्याळ पाहिलं नाही.

"मी सांगते," वृषाली म्हणाली. "आधी चिडचिडीचं घ्या. ते समासातलं खोडा."